पाच जुने पीसी, छोटं लिनक्स आणि आडवी आलेली देवनागरी: एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, 'ब' वर्गाचं. खाली देवघेव आणि पेपर वाचायची खोली, वर स्पर्धा परीक्षावाल्या पोरांची अभ्यासिका. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, बाकी जसं झालं तसं लिहितोय.

त्यांच्याकडे पाच डेस्कटॉप होते. चार कोअर टू ड्युओ, प्रत्येकी २ जीबी रॅम, आणि पाचवा त्याहून म्हातारा, ३२-बिट, १ जीबीवाला. सगळ्यांवर विंडोज ७, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला होता, आणि अभ्यासिकेतल्या मशीनमध्ये कोणाच्या ना कोणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचा. नवीन मशीनसाठी पैसे नव्हते, अनुदान येतं त्यात पुस्तकं आणि पगार भागवतानाच दमछाक. मग समितीवरच्या एकांचा पुतण्या, म्हणजे माझा मित्र, पुढे झाला. पुण्यात एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोकरी, शनिवार-रविवार गावी येणं, आणि छोट्या सॉफ्टवेअरचं वेड. स्वतःच्या लॅपटॉपवर डीडब्ल्यूएम (स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम, म्हणजे विंडो मॅनेजर) चालवतो, सेटिंग बदलायचं तर कोडच्या हेडर फाइलमध्ये बदल करून प्रोग्राम परत कंपाइल करायचा, म्हणजे कोडपासून नव्याने बांधायचा, त्या पंथातला. डीडब्ल्यूएम बनवणाऱ्या सकलेसवाल्यांनी त्याचा कोड २००० ओळींच्या आत ठेवायचं ठरवलंय हे तो कौतुकाने सांगतो, आणि खरं सांगायचं तर ते कौतुक मलाही पटतं, कारण अख्खा विंडो मॅनेजर एका दुपारी वाचून संपतो.

अडचण काय होती

वाचनालयाच्या गरजा कोणी लिहून काढल्याच नव्हत्या. ग्रंथपाल मॅडमना हवं होतं की काउंटरवर उभं राहून पुस्तक आहे का नाही ते वाचकालाच शोधता यावं. समितीला हवं होतं की खर्च शून्य. अभ्यासिकेतल्या पोरांना फॉर्म भरायचे होते, हॉल तिकीट काढायचं होतं. ऑफिसातल्या काकांना पावत्या छापायच्या होत्या. आणि मित्राला हवी होती अशी सिस्टीम जी आतून बाहेरून एका माणसाला समजेल. ही शेवटची गरज कोणी बोललं नाही, पण सुरुवातीचे सगळे निर्णय तिनेच घेतले.

वरून दोन गोष्टी. लाइट कधीही जाते आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. आणि आठवड्यातून पाच दिवस तिथे कॉम्प्युटरचं कळणारं कोणी नाही.

पर्याय

विंडोज काढून लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, पण कुठली? डेबियन (लिनक्सची एक मोठी डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) टाकून वर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, हा सरळ रस्ता. मित्राने तो पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला, "दोन जीबीत सिस्टीमडी, डी-बस, पॉलकिट, ही सगळी वरात कशाला" म्हणे, म्हणजे मागे सतत चालणारे व्यवस्थेचे प्रोग्राम.

दुसरा रस्ता अल्पाइन ही छोटी डिस्ट्रो. त्यात सी लायब्ररी (जवळजवळ सगळे प्रोग्राम ज्या कोडवर उभे असतात तो) म्हणून मसल, रोजच्या कमांड म्हणून बिझीबॉक्स, सर्व्हिसेससाठी ओपनआरसी, म्हणजे पाया छोटाच, पण पॅकेजेस दुसऱ्या कोणीतरी बनवलेली आणि अपडेट येत राहणारी. व्हॉइड या डिस्ट्रोचाही विचार झाला, सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या तिच्या रनइटमुळे, पण ३२-बिट मशीनवर मसल हवं होतं आणि ते जमत नव्हतं म्हणून तो गळाला.

तिसरा, आणि त्याने निवडलेला, म्हणजे सगळं स्वतः बांधायचं. स्वतः कॉन्फिगर केलेला कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टीमचा गाभा), मसल, बिझीबॉक्स, एसएसएचसाठी म्हणजे दुरून लॉगिन करायला ड्रॉपबेअर, वर डीडब्ल्यूएम आणि एसटी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी. जमेल तितकं स्टॅटिक लिंक करायचं, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी प्रत्येक प्रोग्रामच्या आतच भरायच्या. ओएसिस आणि किस लिनक्स या डिस्ट्रो हे त्याचे नमुने, दोन्हीत हाच विचार टोकाला नेलाय.

हा पहिला निर्णयाचा टप्पा, आणि माझ्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला गेला. 'सर्वांत छोटं कोणतं' असा प्रश्न होता. 'या गावात मंगळवारी सकाळी बिघडलं तर कोण बघणार' हा नव्हता.

काय काय केलं

पायाचं काम झकास झालं, ते मान्यच करायला हवं. कर्नल त्याने टायनीकॉन्फिगपासून चढवत नेला, म्हणजे सगळं बंद ठेवून सुरू करायचं आणि लागेल ते एकेक चालू करायचं: साटा डिस्कसाठी एएचसीआय, एक्स्ट४ फाइल सिस्टीम, इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर, मदरबोर्डवरच्या रिअलटेक लॅनचा ड्रायव्हर, यूएसबी कीबोर्ड-माऊस, आणि डेव्हटीएमपीएफएस (डिव्हाइसच्या फाइली ठेवायची जागा) आपोआप माउंट होईल असं, नाहीतर बूट होतं पण कन्सोलच उघडत नाही आणि माणूस काळ्या स्क्रीनकडे बघत बसतो. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असल्यामुळे इनिटरॅमएफएसची, म्हणजे बूटच्या वेळी आधी लोड करायच्या तात्पुरत्या फाइल सिस्टीमची, भानगड नाही. इनिट, म्हणजे कर्नलनंतर बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम, बिझीबॉक्सचाच, एका इनिटटॅब फाइलमध्ये सगळं, जो प्रोग्राम मेला तर परत उठवायचा त्याच्यापुढे रिस्पॉन लिहायचं की झालं. टाइमझोनसाठी अख्खा डेटाबेससुद्धा टाकला नाही, मसलला एका व्हेरिएबलमध्ये आयएसटी आणि साडेपाच तासांचा फरक सांगितला की पुरतं, आपल्याकडे घड्याळं मागे-पुढे करायची पद्धत नाही त्यामुळे हे बिनधास्त चालतं.

बूट इतकं झटपट की मॅडम म्हणाल्या, "अरे, चालू झालं पण?"

घड्याळावरून एक गोष्ट निघाली जी कुठल्याही जुन्या मशीनवाल्याने लक्षात ठेवावी. मदरबोर्डवरचा गोल सेल बहुतेक मशीनमध्ये संपलेला, त्यामुळे लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे, आणि तारीख मागे गेली की एकही एचटीटीपीएस साइट उघडत नाही कारण सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं मशीनला वाटतं. मोठ्या डिस्ट्रो वेळ गुपचूप दुरुस्त करतात म्हणून आपल्याला कळत नाही. इथे बिझीबॉक्सचा एनटीपीडी, म्हणजे नेटवरून वेळ आणणारा प्रोग्राम, बूटच्या वेळी चालवावा लागला, आणि सेलही बदलले, ते जास्त महत्त्वाचं.

मग डेटा आला. मॅडमनी दाखलनोंदवहीवरून एक्सेलमध्ये बरीचशी यादी आधीच केलेली होती, पण ती जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या, म्हणजे फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा कचरा. ती युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर आणि नंतर डोळ्यांनी तपासणी, त्यात अभ्यासिकेतल्या दोन मुलींनी खूप मदत केली.

युनिकोड यादी एसटीमध्ये उघडली आणि गाडी तिथेच अडकली.

देवनागरी

हा भाग जरा सविस्तर, कारण इंग्रजीत जेवढं मिनिमल लिनक्सवर वाचायला मिळतं त्यात हे जवळजवळ नसतंच.

एसटी स्क्रीनला चौकटींची जाळी समजतं, एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला ठीक. मराठीत 'कि' लिहिताना मेमरीत आधी क येतो मग वेलांटी, पण स्क्रीनवर वेलांटी क च्या आधी काढायची असते. जोडाक्षरात मधला हलन्त दिसायचा नसतो, दोन अक्षरं मिळून तिसराच आकार होतो. हे जे मांडणीचं काम आहे, शेपिंग म्हणतात, ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि एसटी, डीमेन्यू (प्रोग्राम निवडायची यादी), डीडब्ल्यूएमची वरची पट्टी हे सगळे एक्सएफटी लायब्ररीने थेट अक्षर छापतात, मध्ये हार्फबझ नाहीच. परिणाम असा की काना आणि वेलांट्या सुट्या पडल्या, आणि ज्या खुणांची रुंदी शून्य मोजली जाते, म्हणजे उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त, त्यांच्यावर पुढचं अक्षर येऊन बसलं आणि त्या गायबच झाल्या. 'पुस्तके' चं झालं 'पसतक'. मॅडम बघून एवढंच म्हणाल्या, "हे वाचकांना दाखवायचं का?"

एसटीला हार्फबझ जोडणारा लिगेचर पॅच आहे, तो लावून झाला. तो मुळात प्रोग्रामरच्या फॉन्टमधल्या बाणांसाठी केलेला, वेलांटी उडी मारून आधी येते तिथे तो गडबडतो. मग कोणीतरी सुचवलं की जुन्या फॉन्टचाच डेटा ठेवा, त्यात प्रत्येक तुकडा सुटाच असतो, त्याला शेपिंग लागतच नाही. गंमत म्हणून खरं आहे, पण मग सर्च करणार कशावर?

खरा पेच इथे पडतो. देवनागरी नीट दाखवायची तर फ्रीटाइप, फॉन्टकॉन्फिग या फॉन्टच्या लायब्ररी आणि हार्फबझ हे आलंच, आणि बहुतेक प्रोग्राम हार्फबझला पॅंगोमार्फत वापरतात म्हणून पॅंगो, त्याच्यामागे ग्लिब. पाया कितीही छोटा करा, मराठी वाचकासाठी वरच्या मजल्याची किमान उंची लिपी ठरवते. एखाद्याला हे 'ब्लोट', म्हणजे नको ती चरबी, वाटेल, पण ज्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे दिसायला हवेत त्याला ते ब्लोट नाही, ती गरज आहे.

टर्मिनल सोडून यादी ब्राउझरमध्ये दाखवायचं ठरलं, हा दुसरा मोठा निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. यादी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, समोर बिझीबॉक्सचा वेब सर्व्हर एचटीटीपीडी आणि पान बनवून देणारी छोटी सीजीआय स्क्रिप्ट. पण तिथेही लिपी आडवी आलीच. एसक्यूलाइटच्या फुल टेक्स्ट सर्चचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, अक्षरं आणि आकडे धरतो, काना-मात्रा त्याच्या यादीत नसतात, म्हणून तो त्यांना शब्दांमधली मोकळी जागा समजतो. 'पुस्तक' चे 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे. शोधलं की भलतंच काहीतरी येतं, आणि वाईट म्हणजे कधीकधी बरोबरही येतं, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. उपाय एका ओळीचा, टोकनायझरला सांगायचं की मात्रांचे युनिकोड वर्गही शब्दाचाच भाग धर. ती ओळ सापडेपर्यंत एक शनिवार-रविवार गेला.

क्रम लावताना परत तेच. मसलमध्ये भाषेनुसार क्रम लावायची सोय नाही, सरळ युनिकोडच्या नंबराने लागतो, एसक्यूलाइटही तसंच. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व च्या मध्ये बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणजे 'काव्य' च्या आधी 'काळ'. 'क्षितिज' तर क च्या रांगेत शेवटी, ख च्या आधी, आणि मॅडमच्या कपाटात क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. आयसीयू लायब्ररी हे बरोबर करते पण तिचा नुसता डेटाच बाकीच्या सिस्टीमपेक्षा मोठा. इथे मित्राने डोकं चालवलं. प्रत्येक शीर्षकाची क्रमासाठीची किल्ली त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर आयसीयूने एकदाच काढली आणि टेबलात एक जादा कॉलम म्हणून भरली, आता सर्व्हरला भाषा कळायची गरजच नाही. नवीन पुस्तकं आली की किल्ली परत काढावी लागते, पण ती वर्षातून मोजक्या वेळी येतात.

ब्राउझर, प्रिंटर आणि जळलेलं लॅन

यादीच्या पानाला नेटसर्फ या छोट्या ब्राउझरची जीटीके आवृत्ती पुरली. अभ्यासिकेचं काय? परीक्षांच्या फॉर्मच्या साइट जावास्क्रिप्टशिवाय पहिलं पानसुद्धा दाखवत नाहीत. म्हणजे फायरफॉक्स. तो सोर्सपासून बांधायचा तर रस्ट, क्लँग, नोड, पायथन सगळं लागतं, आणि मसलवर पॅचही लागतात जे अल्पाइनवाले सांभाळतात. मित्राने लॅपटॉपवर एकदा बांधून दाखवला. पण फायरफॉक्सचं अपडेट साधारण दर महिन्याला येतं, आणि दर महिन्याला हे कोण करणार? वर पोरगा चार टॅब उघडतो तेव्हा ब्राउझरच सगळी रॅम खातो, पाया २० एमबीचा का १५० एमबीचा याने काडीचा फरक पडत नाही. हे त्याला मी आधीही म्हटलं होतं, त्याने मोजून बघितल्यावरच मानलं, तो त्याचा स्वभाव.

ऑफिसातला प्रिंटर म्हणजे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो तसला छोटा लेझर. त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो पण तयार बायनरी, जीलिबसीसाठी म्हणजे मोठ्या डिस्ट्रोंच्या सी लायब्ररीसाठी बनवलेला. मसलवर तो चालत नाही. सोर्स नाही म्हणजे परत कंपाइल करायचा प्रश्नच मिटला. काकांनी तोपर्यंत हाताने पावत्या लिहायला सुरुवात केली होती, तक्रार न करता.

आणि पावसाळ्यात वीज पडली. अभ्यासिकेतल्या एका मशीनचं लॅन जळलं. कोणीतरी बाजारातून यूएसबीला लावायचं लॅन आणलं, लावलं, काही नाही, कारण त्याचा ड्रायव्हर त्या मोजक्या कर्नलमध्ये नव्हताच. मॉड्यूलही, म्हणजे कर्नलला नंतर जोडायचे तुकडेही, नव्हते की लोड करावेत. दोनशे किलोमीटरवर बसलेला माणूस फोनवर काय सांगणार? मशीन शनिवारपर्यंत बंद. डिस्ट्रोचा कर्नल असता तर नुसतं लावून चाललं असतं, मोठा कर्नल मोठा असतो तो याचसाठी.

या तीन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या तेव्हा परत बैठक झाली, या वेळी कागद घेऊन, मशीनमागे एक ओळ: कोण वापरणार, काय चालायलाच हवं, अपडेट कोण करणार.

मध्ये एक वाद झाला तोही सांगतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेल्या बॅकडोअरचं, म्हणजे चोरदरवाज्याचं, प्रकरण उघडकीला आलं होतं, ते जीलिबसीच्याच एका सोयीचा आधार घेऊन, सिस्टीमडीच्या लायब्ररीमार्फत एसएसएचडीमध्ये, म्हणजे दुरून लॉगिन घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, शिरत होतं. मित्राचं म्हणणं, बघ, मसल आणि ड्रॉपबेअरवाले वाचले. वाचले हे खरंच. पण हल्ला करणाऱ्याने डेबियन आणि आरपीएम पॅकेज वापरणाऱ्या सिस्टीमवर नेम धरला होता म्हणून वाचले. उद्या मसलमध्ये भोक सापडलं तर स्टॅटिक लिंक केलेला प्रत्येक प्रोग्राम परत बांधावा लागेल, आणि डेबियनच्या मशीनवर एक पॅकेज बदलेल. दोघांचंही अर्धं बरोबर आहे असं मला अजून वाटतं.

शेवटी काय बसलं

काउंटरजवळच्या मशीनवर अल्पाइन, अल्पाइनचाच कर्नल, वेलँड या डिस्प्लेच्या व्यवस्थेवरचं केज आणि त्यात नेटसर्फ, बाकी काही नाही. केज एकच प्रोग्राम पूर्ण स्क्रीनभर दाखवतं, वाचकाला बाहेर पडायला जागाच नाही. रूट, म्हणजे सिस्टीमची मुख्य फाइल सिस्टीम, रीड-ओन्ली, तात्पुरतं सगळं रॅममध्ये, त्यामुळे लाइट कितीही वेळा गेली तरी फाइल सिस्टीम खराब होत नाही. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट, कारण ते एक्सकेबीमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या मूळ व्यवस्थेतच येतं, फोनेटिकसाठी आयबस वगैरे वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागलं असतं. वाचक सुरुवातीला कुरकुरले, मग मॅडमनी कीबोर्डवर स्टिकर चिकटवले.

अभ्यासिकेतल्या दोन आणि ऑफिसातल्या एका मशीनवर डेबियन, एलएक्सक्यूटी, झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू, अपडेट आपोआप. फायरफॉक्स जड चालतो पण चालतो. प्रिंटर पहिल्या दिवशी चालला.

अल्पाइनवर फायरफॉक्स का नाही, हे विचारणारे भेटतात. तिथे तो पॅकेजेसच्या कम्युनिटी भागात येतो आणि त्या भागाला अपडेट पुढची आवृत्ती येईपर्यंतच मिळतात, म्हणजे साधारण सहा महिने. दर सहा महिन्यांनी न चुकता अपग्रेड करणारा माणूस असेल तर खुशाल टाका. काउंटरचं मशीन बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलंच नाही म्हणून तिथे तेवढी घाई नसते.

आणि हाताने बांधलेली सिस्टीम? ती त्या ३२-बिट म्हाताऱ्यावर यादीचा सर्व्हर म्हणून चालू आहे. त्याला स्क्रीनच नाही, अक्षरं काढायची नाहीत, फक्त बाइट्स इकडून तिकडे द्यायचे, त्यामुळे हार्फबझ नको, फॉन्ट नको. डेबियन १३ ने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२-बिट पीसीवर नवीन इन्स्टॉलेशन देणं बंद केलं, म्हणजे तसाही त्याला फार पर्याय उरला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी, लायब्ररी-इनिट काही ठरवायच्या आधी, 'शक्ती', 'दऱ्या', 'ज्ञानेश्वरी', 'किल्ला' असे चारपाच शब्द स्क्रीनवर, सर्चमध्ये आणि क्रमाच्या यादीत टाकून बघायला हवे होते. अर्ध्या तासाचं काम, आणि त्यातून एसटी, डीमेन्यू, टोकनायझर, क्रम, सगळे प्रश्न वर आले असते. प्रिंटरचा ड्रायव्हर बायनरी आहे का हेही तेव्हाच.

कर्नल कापायचा मोह फक्त सर्व्हरपुरता ठेवायला हवा होता, जिथे हार्डवेअर बदलत नाही. लोक हात लावतात त्या मशीनवर नाही.

सगळं स्वतः बांधण्यात वेळ वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. घड्याळाचा घोळ किंवा रीड-ओन्ली रूट त्याला इतक्या पटकन सुचलं ते खालपासून सगळं माहीत झाल्यामुळेच. माझं त्याच्याशी एकच भांडण शिल्लक आहे: मी तो सर्व्हरही अल्पाइनवर नेला असता, तिथे ३२-बिट अजून मिळतं, आणि उद्या हा परदेशी गेला तर दुसऱ्या कोणालाही एपीके, म्हणजे अल्पाइनचं पॅकेजेस टाकायचं साधन, शिकता येईल, याच्या बिल्ड स्क्रिप्ट कोण वाचणार. तो म्हणतो, स्क्रिप्ट एका दुपारी वाचून होतात. तूर्त तडजोड अशी की सर्व्हरच्या डिस्कची इमेज एका पेनड्राइव्हवर, तसाच दुसरा पेनड्राइव्ह अल्पाइनवर तयार करून यादी भरून ठेवलेला, दोन्ही मॅडमच्या कपाटात, आणि बिघडलं तर कुठला आधी लावायचा ते मराठीत एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. काकांनी एकदा त्या कागदावरून, कोणाला न विचारता, दुसरा पेनड्राइव्ह लावून सर्व्हर उठवून बघितलाय, उठला.